आमची वाटचाल: दहा दिवसांचा माल

पुण्यात नऱ्ह्याच्या आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला पाच डीप फ्रीझर ओळीनं उभे आहेत. प्रत्येकाच्या झाकणावर खडूनं तारीख लिहिलेली असते, माल भरल्याची. त्या तारखेला दहा दिवस पुरे झाल्याशिवाय त्या पेटीतलं एकही पाकीट बाहेर जात नाही. कुत्र्यांसाठी कच्च्या मांसाचा खुराक विकायला आम्ही 2014 साली सुरुवात केली. या दहा दिवसांपायी आमची भागीदारी मोडली आणि नंतर एकदा धंदाही मोडता मोडता राहिला. तरी खडू अजून तिथंच आहे.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. माझा भागीदार म्हणजे शाळेपासूनचा मित्र, घरात तीन पिढ्यांचा खाटकाचा धंदा. त्याच्या हातात सुरी बघण्यासारखी चालायची. कोंबडीचा सांधा तो डोळे मिटून सोडवायचा, हाडावर पातं कधी वाजायचं नाही. माझ्याकडे खाजेनं हैराण झालेला एक रॉटवायलर होता आणि इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं नव्वदच्या दशकात मांडलेल्या कच्च्या आहाराविषयी वाचलेलं थोडंफार होतं. आम्ही जुन्या बाजारातून 32 नंबरचा मिन्सर आणला. तो आजही चालतो. त्याची जाळी 8 मिलिमीटरची, पातं चार पाकळ्यांचं. पातं बोथट झालं की मोटारीच्या आवाजाआधी ते खिम्यावरून कळतं. दाणेदार खिमा पडायचा थांबतो, चरबी पांढरी चोपडी होऊन जाळीला लिंपते आणि खाली नुसता चिखल येतो. अशा वेळी मशीन रेटू नये, थांबून धार लावावी. आणि मांस नीट गार केल्याशिवाय मशीनमध्ये घालू नये. गरम मांसाचा खिमा होत नाही, लगदा होतो.

प्रमाण पहिल्यापासून 80-10-10, म्हणजे शंभरात 80 भाग मांस, 10 भाग हाड, 10 भाग अवयव. हाडात गळे आणि पंख, अवयवात निम्मी कलेजी आणि निम्मे गुर्दा-तिल्ली. दिल आणि पेटा (कोंबडीच्या पोटातली जाड पिशवी) आम्ही मांसात धरतो. बोकडाची वजडी वेगळ्या पाकिटात. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर मोठ्या जनावराचं म्हणजे फक्त म्हशीचं.

आता त्या दहा दिवसांचं कारण. बोकडाच्या नाहीतर म्हशीच्या कलेजीत, फुफ्फुसात कधी पाण्याची गाठ सापडते, हायडॅटिडची. ती कुत्र्यानं कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे जंत धरतात. कुत्र्याला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही, पण त्याच्या शीतून अंडी पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की तशीच गाठ माणसाच्या यकृतात वाढते. उणे 18 च्या खाली दहा दिवस ठेवलं की गाठीतले जीव मरतात. गाठ डोळ्यांना दिसली तर आम्ही तो अवयवच टाकून देतो, पण लहान गाठ नजरेतून सुटू शकते. म्हणून हा नियम.

भागीदाराचं म्हणणं सरळ होतं. माल दहा दिवस पडून म्हणजे पैसा दहा दिवस पडून, वर विजेचं बिल. शिवाय गिऱ्हाईक ताजं मागतं, गोठवलेलं म्हटलं की त्याला शिळं वाटतं. दीड वर्ष आम्ही यावरून भांडलो. मग तो निघाला. आमच्यापासून दोन चौक सोडून त्यानं दुकान काढलं आणि पाटी लावली: ‘आजचं ताजं, फ्रीझरमधलं नव्हे’. मला ती पाटी अजून लागते. आमचे निम्मे गिऱ्हाईक तीन महिन्यांत तिकडे गेले. त्याचा भाव किलोमागे तीस रुपये कमी, कारण त्याच्या खिम्यात कोंबडीचे सांगाडेच जास्त आणि पाठीच्या सांगाड्यात चाळीस टक्क्यांच्या वर हाड. नावाला तेही 80-10-10.

हे पहिल्यांदा ओळखलं ते एरंडवण्याच्या आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, स्वतः शाकाहारी. कुत्रीसाठी बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीज, वेगळं ताट, वेगळा चिमटा. एकदा आमच्याकडचा माल संपला होता म्हणून त्यांनी तिकडून दोन किलो नेलं. चौथ्या दिवशी फोन: “अहो, राणीची शी खडूसारखी पांढरी झालीय, कुंथतेय बिचारी.” मी म्हटलं, “बाई, हाड जास्त झालंय.” तुम्हीही रोज शी बघत जा. पांढरी आणि भुरभुरीत म्हणजे हाड जास्त, काळी आणि सैल म्हणजे अवयव जास्त. निम्मा हिशोब तिथंच कळतो.

मधली दोन वर्षं बरी गेली. मग तो मे महिना आला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तीनशे किलो नवा खिमा भरला. जागा नव्हती म्हणून जुन्या गोठलेल्या मालावरच रचला. ही चूक माझी. रात्री नऊला डीपी जळाली. भरलेला, कडक गोठलेला फ्रीझर झाकण न उघडता दोन दिवस तग धरतो, पण आमच्या पेट्यांत वर ऊबदार खिमा होता. भाड्याचा जनरेटर मिळाला तो सोमवारी दुपारी. बायकोनं एकेका पाकिटाच्या मध्यापर्यंत थर्मामीटरची सळई खुपसून आकडे वहीत लिहिले: नऊ, अकरा, आठ, नऊ. चारच्या वर आमच्याकडे माफी नाही. पुन्हा गोठवून विकता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी ती वही बंद केली आणि टेम्पो बोलावला. 640 किलो माल, सव्वा लाखाचा, खेड शिवापूरला मामेभावाच्या शेतात जेसीबीनं खड्डा काढून चुना टाकत पुरला. अंगाचा वास तीन दिवस गेला नाही.

आणि आठवड्याच्या आत बातमी पसरली की आम्ही वितळलेला माल पुन्हा गोठवून विकतो. कुणी पसरवली हे मला माहीत आहे. ज्याच्याबरोबर मी एका डब्यात जेवलो, त्यानं. ते मी विसरलेलो नाही.

त्या आठवड्यात गाळ्यात एकच गिऱ्हाईक आलं. बाईंनी वही मागितली, चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि विचारलं, “नवा माल कधी?” नवी खेप कालच भरली होती. मी म्हटलं, “अजून नऊ दिवस. तोवर दुसरीकडून न्या, माझं काही म्हणणं नाही.” त्या म्हणाल्या, “नऊ दिवस दहीभात आणि उकडलेली अंडी खाईल ती. मी थांबते.” खरंच थांबल्या. दहाव्या दिवशी सकाळी आल्या, पाच किलो नेलं आणि टेकडीवर फिरायला येणाऱ्या कुत्रेवाल्यांना त्या वहीविषयी सांगितलं. त्या महिन्यात अकरा घरं परत आली.

टाळेबंदीचं वर्ष, कोंबडीच्या अफवा, हे सगळं सगळ्यांनीच भोगलं, ते सांगत बसत नाही.

नव्या लोकांना मात्र इतकं सांगतो. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे तीस किलोच्या लॅबला 750 ग्रॅम. एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस घ्या. शिजवलेलं हाड कधीच देऊ नका, त्याच्या कपच्या होतात. फ्रीझरनं साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू, मरत नाही, म्हणून ताट आणि हात साबणानं धुवा. घरात तान्हं मूल किंवा केमोचा पेशंट असेल तर मी स्वतःच कच्चं देऊ नका म्हणतो. बिनहाडाचं न्या आणि शिजवून घाला. कुणी म्हणतं आपली कुत्री भाकरीवरच वाढली. वाढली, खरं आहे. कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिष्ट चांगलं पचतं, हे 2013 साली जनुकांवरूनही दिसलं. मी भाकरीला नावं ठेवत नाही.

राणी गेल्या पावसाळ्यात गेली, चौदा वर्षांची होऊन. बाईंनी बाल्कनीतला फ्रीज बंद करून पुसून ठेवला होता. परवा त्यांचा फोन आला, रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलंय, सव्वादोन महिन्यांचं. मी वजन विचारलं. पिल्लाचं गणित वेगळं असतं, दर आठवड्याला वजन करून ताट बदलावं लागतं. दोन नंबरच्या पेटीवर त्यांच्या पाकिटांची तारीख लिहून ठेवली आहे. येत्या गुरुवारी दहा दिवस होतात.