आजीची रातपाळी

ठाण्याला आमच्या घरी आजीची पत्रं यायची ती निळ्या एरोग्रामवर. मजकूर ठरलेला: आम्ही खुशाल, हवा कोरडी, बाबाचा खोकला राहिला नाही तर अडुळसा द्या. कामाविषयी एक अक्षर नसायचं. 1993 साली मी इस्रायलला आले, दिमोनात तिच्याकडे राहिले, तेव्हा कुठे कळलं की पंधरा वर्षं ती कापडगिरणीत रातपाळी करत होती.

दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं गाव. तिथे आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, पुष्कळ. आजी मूळची रेवदंड्याची, नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेली. 1962 साली इथे आली तेव्हा, म्हणायची, "बाहेर झाडच दिसेना, म्हणून सहा महिने खिडकीच उघडली नाही."

वय चाळीस, हिब्रू शून्य. गिरणीत काम मिळालं. यंत्राला ती साचाच म्हणायची, शब्द गिरणगावातल्या भावाकडून आलेला. "साच्यावर सवलानूत पाहिजे गो," असं तिचं मराठी झालं होतं. सवलानूत म्हणजे धीर.

एकदा माझ्या सुईतला दोरा तुटला. तिनं तो हातातून घेतला, दोन टोकं तिरकी एकावर एक धरली, एक टोक अंगठ्याच्या नखामागून फिरवून फासात दाबलं आणि ओढलं. गाठ कुठे आहे ते बोटाला लागेना. तेव्हा मी तिची तर्जनी नीट पाहिली. पेरावर धाग्यानं पाडलेली खाच होती, मेण चोळल्यासारखी गुळगुळीत.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आजी म्हणायची, "घाणा सुटला, साचा आला. शनिवार तेवढा आपला राहिला."

आणि एवढा शनिवार जपलेल्या बाईला, थोरल्या आत्याच्या लग्नाच्या वेळी, नोंदणीच्या कचेरीत विचारलं गेलं: तुमच्या आईची आई ज्यू होती कशावरून? त्या वेळी आपल्या कितीतरी घरांनी हे सोसलं. मला याचा आजही राग येतो. याविरुद्ध 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. आजीही रोजगार बुडवून दोन दिवस जाऊन बसली. ऑगस्टमध्ये संसदेनं ठराव केला की बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्या आठवड्यात तिनं एलियाहू हन्नाबीचा मलिदा, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावानं गोड पोह्यांचा नैवेद्य, केला. पत्रात यातलंही काही नव्हतं. फक्त "मुलीचं लग्न ठरलं" एवढंच.

2001 साली ती गेली.

पुढच्या आठवड्यात रोश हशाना, आमचं नवं वर्ष. त्याला चिकाचा हलवा लागतोच. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात घोटत राहायचं. दिमोनात तेव्हा ओला नारळ कुठला! आजी सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून दूध पिळायची. कामावरून सकाळी यायची आणि पदर खोचून तशीच शेगडीपुढे उभी राहायची. हलवा कढईची कड सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा तिचा नियम.

आज मी गहू भिजत घातलेत. धाकटी आत्या बीरशेब्याहून येणार आहे. घोटायच्या पाळ्या आम्ही फोनवरच ठरवल्या: पहिली तिची, रातपाळी माझी.