स्पीकरनीच काढला खोलीचा नकाशा

आमच्या नाटकात लोकल ट्रेनचा आवाज प्रेक्षकांच्या पाठीमागून येतो आणि दाराकडे निघून जातो. त्यासाठी चार कोपऱ्यांत चार स्पीकर. कुठल्या स्पीकरचा आवाज किती मिलिसेकंद उशिरा सोडायचा, हे ठरवायला त्यांची नेमकी जागा कळावी लागते. दर प्रयोगाला हॉल नवा, हाताशी तासभर. त्यातला अर्धा टेप धरण्यात जायचा. म्हणून मे महिन्यात गिरगावातल्या आमच्या तालमीच्या खोलीत वेगळा प्रयत्न केला.

प्रत्येक स्पीकरवर एक छोटा माइक चिकटवला. एकेका स्पीकरमधून स्वीप, म्हणजे खर्जापासून चढत जाणारी शिट्टी, सोडायची आणि चारही माइकवर रेकॉर्ड करायची. स्पीकरच्या स्वतःच्या माइकवर ती लगेच येते. बाकीच्यांवर त्यानंतर किती वेळाने आली तेवढंच मोजायचं, की कॉम्प्युटरचा विलंब आपोआप वजा होतो. ही युक्ती मला फार आवडली. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नोंदी, सॅम्पल. एका सॅम्पलच्या वेळात आवाज साधारण ७ मिलिमीटर जातो!

पहिल्या रात्री सगळीच मापं कमी आली. टेपवर ३.२० मीटर, कॉम्प्युटरवर ३.१३. ध्वनीचा वेग मी सेकंदाला ३४३ मीटर धरला होता, तो २० अंश तापमानाचा. घरघर नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, खोलीत ३२ अंश. तेवढ्या उकाड्यात वेग ३५१ च्या आसपास जातो. आकडा बदलला आणि मापं जुळली.

स्पीकरची एक जोडी मात्र अंतर दीड मीटर जास्त दाखवत राहिली. तीच शिट्टी पुन्हा पुन्हा. शेवटी शेजारच्या काकू दारात आल्या, "अगं, कसली शिट्टी वाजवतेस रात्रीची?" काम तिथेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या साउंडवाल्या दादांना त्या जोडीचा आलेख दाखवला, आवाज कधी आणि किती जोरात पोचला त्याचा. त्यांनी सगळ्यात उंच टोकाच्या आधीच्या एका बारीक उंचवट्यावर बोट ठेवलं. "मोठा कुठला ते नको बघूस. आधी कुठला आला ते बघ." वाटेत तबल्याच्या बॅगांचा ढीग होता. सरळ येणारा आवाज त्यात दबत होता आणि लोखंडी कपाटावर आपटून आलेला जास्त जोरात लागत होता. प्रोग्रॅम त्यालाच खरा धरत होता. गोंगाटातून स्पष्ट वर येणारं पहिलं टोक धरायला सांगितलं आणि ती जोडीही जागेवर आली.

मग नकाशा उमटला, पण आरशातल्यासारखा. खिडकी भलत्याच बाजूला. नुसत्या अंतरांवरून डावं-उजवं कळत नाही, उलटवलेल्या आकृतीतही सहाच्या सहा अंतरं तीच राहतात. तिसरा स्पीकर पहिल्या-दुसऱ्याच्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, एवढं आता मी आधीच भरून ठेवते.

मग लोकल सोडली. ती पाठीमागून आली आणि दाराकडे गेली.