तुरीचं ऑपरेशन

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ. गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला दारोदार फिरत होती आणि आमच्या फाटकाशी मात्र पाच कुत्रे ठाण मांडून बसले होते. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काहून वो, तुमची तुरी माजावर आली का?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. दोन दिवसांपासून हॉलच्या टाइल्सवर लाल थेंब दिसत होते. पायाला काच लागली असेल म्हणून मी टॉर्च लावून तिचे चारही पंजे तपासले होते! नऊ महिन्यांची कुत्री घरात आणि मला हे सुचलंच नाही.

पुढचे तीन आठवडे रात्रभर फाटकाशी भुंकणं आणि मारामाऱ्या. नवऱ्याने भिंतीवर जाळी ठोकली. तरी एका सकाळी दूधवाल्यासाठी फाटक उघडलं आणि बाईसाहेबांनी आमच्या हातावर तुरी दिली. (तूरडाळीच्या रंगाची म्हणून तुरी. नाव ठेवताना हा अर्थ लक्षात आला नव्हता.) वीस मिनिटांनी ती ऑटो स्टँडमागे सापडली, सोबत दोन नर. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट असतात, म्हणून मी कॅलेंडरवर मोजून एका तारखेला गोल केला आणि महिनाभर जीव मुठीत धरून बसले. मग डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पोट रिकामं होतं.

"आता नसबंदी करून टाका," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना ते पटलं नाही. "मुकं जनावर आहे. एकदा तरी आई होऊ दे तिला, मग करा काय करायचं ते."

खरं सांगायचं तर मलाही पोट कापायची भीतीच वाटत होती, त्यामुळे मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, आई, पिल्लं कोणाकोणाला देता येतील त्यांची नावं सांगा, मी लिहून घेते. लाइट बिलाच्या मागे लिहायला बसलो. सहा पिल्लं धरली. अर्ध्या तासात सासूबाईंनी अकरा फोन केले. तयार झाले दोघे, आणि दोघांची अट एकच: "नर असला तर द्या. मादी नको बाप्पा."

सासूबाई गप्प झाल्या, कारण तुरी आम्हाला मिळाली तीच एका खोक्यातून. इथे नागपुरात मानेवाड्याकडे रिंग रोडच्या कडेला कोणीतरी ठेवून गेलं होतं. आत तीन पिल्लं, तिन्ही माद्या. दोघी घरी आणेपर्यंतही टिकल्या नाहीत.

उरलीसुरली शंका अमरावतीच्या मावशीने घालवली. तिची लॅब्रॅडॉर सात वर्षांची. माज होऊन महिना झाला होता. पाणी खूप पीत होती, जेवत नव्हती. उन्हाने असेल म्हणून चार दिवस काढले. निघालं काय, तर गर्भाशयात पू. घाईघाईत ऑपरेशनला घेतलं, वाचली नाही. नसबंदीत अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात, मग हा आजार जवळजवळ राहतच नाही. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की पहिल्या माजाआधी केलं असतं तर पुढे स्तनात गाठी व्हायचा धोका सगळ्यात कमी राहिला असता, आणि एकदा पिल्लं झाल्याने तब्येतीला फायदा होतो हे काही खरं नाही.

पण लगेच करायचं नव्हतं. माजाच्या काळात गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून तीन महिने थांबलो. लस, जंताचं औषध, रक्ततपासणी सगळं आटपलं. पैशांचं विचाराल तर क्लिनिकप्रमाणे आणि वजनाप्रमाणे आकडा बदलतो. रक्ततपासणी, कॉलर आणि टाके काढणं त्यात धरलंय का, एवढं आधीच विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

तारीख मिळाली डिसेंबरची, म्हणजे ऐन हिवाळी अधिवेशनात. सिव्हिल लाइन्सकडून जाणारा रस्ता मोर्च्यामुळे बंद. रात्रीपासून उपाशी असलेली चौदा किलोची कुत्री मांडीवर घेऊन मी ऑटोत, आणि ऑटोवाला मला देशाच्या राजकारणावर ऐकवून राहिला होता.

ऑपरेशन तासाभरात झालं. त्यानंतरचं बघणं मात्र अवघड गेलं. डोळे अर्धे उघडे, जीभ बाहेर लोंबलेली, अंग थंड पडून थरथरतंय. पोटावरचे केस भादरलेले आणि मधोमध बोटभर लांबीची टाक्यांची ओळ. घरी आणल्यावर पलंगावर ठेवायचं नाही, भुलीत खाली पडते, असं बजावलेलं, म्हणून जमिनीवर गोधडी अंथरली. रात्री एकदा ओकली. मी रडले. सासूबाई पहाटेपर्यंत तिच्या अंगावर हात ठेवून बसल्या होत्या. सकाळी तुरीने दहीभात चाटूनपुसून खाल्ला.

चौथ्या दिवशी मी गाढवपणा केला. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर दाराला, कूलरच्या स्टँडला आपटत ती फिरायची, ते बघवेना. म्हटलं, दोन मिनिटं काढते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. परत येते तर एक टाका चाटून मोकळा केलेला आणि कड लाल. डॉक्टरांनी जखम साफ करून पुन्हा बांधून दिली आणि मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. बाराव्या दिवशी टाके निघाले. त्या चुकीनंतर कॉलर तोवर एकदाही उतरली नाही.

आता तिची भूक तीच आहे, पण वजन लवकर चढतं, म्हणून एक पोळी कमी केली. ती चोरून कोण देतं ते मला माहीत आहे. गल्लीतल्या नरांपैकी दोघांच्या कानाला नसबंदीची खाच आहे. ती सोय रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव जनावराच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हे मी काकूंना सांगितलं, कारण त्यांची मनी पुन्हा गाभण होती. त्या ऐकून घेऊन आत गेल्या.

मनीची पिल्लं दूध तुटायला आली तेव्हा सासूबाईंचा फोनवरचा आवाज माझ्या कानावर पडला. "अवो, काही होत नाही तिले. रात्री उपाशी ठेवा बस. अन् गळ्यातलं ते काढू नका, आमच्या सुनेने काढलं होतं."