बिल्ला आहे, परमिट नाही

२९ मे २०२१, शनिवार

दिवसभर रिक्षावाल्यांचे अर्ज भरत बसले होते. कोरोनाच्या निर्बंधांमुळे सरकारने परमिटधारक रिक्षाचालकांना जाहीर केलेल्या १,५०० रुपयांसाठी आता ऑनलाइन अर्ज घेतायत. गाडीचा नंबर, परमिट, लायसन्स, आधार. बहुतेकांना मोबाइलवर ते जमत नाही, म्हणून गल्लीतले दादा-काका आमच्या ओट्यावर येतात. ओटीपी येईपर्यंत दोघांनीही स्क्रीनकडे बघत बसायचं. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असला, तर सगळं तिथेच अडतं.

दुपारी पलीकडच्या चाळीतले एक दादा आले. खाकी शर्ट, खिशावर बिल्ला, पिशवीत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये नीट ठेवलेली सगळी कागदपत्रं. फक्त परमिट त्यांच्या नावावर नाही. गाडी शेठची, हे शिफ्टवर चालवतात. दीड महिना धंदा जवळजवळ बंद आहे आणि अर्ज मात्र शेठच्या नावाने होणार. दादा काही बोलले नाहीत, कागद परत कव्हरमध्ये घातले. मला मात्र राहवेना. बिल्ला काय कुणी बाजारातून विकत आणतं? तो आरटीओच देतं. म्हणजे रिक्षा कोण चालवतं, याची नोंद सरकारदरबारी आहे. मग मदत परमिट बघून का द्यायची, बिल्ला बघून का नाही?

मदतच चुकीची, असं मी म्हणणार नाही. १३ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी निर्बंधांसोबतच ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं. रेशनवर महिनाभर माणशी तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ फुकट. शिवभोजन थाळीही मोफत. दोन चपात्या, भाजी, वरण, भात असं गरम जेवण मिळतं आणि तिथे कुणी कागद मागत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला त्याचं मोल काय आहे ते मी बघितलंय.

गेल्या वर्षीची जनधनची रक्कमही आठवते. एप्रिल ते जून, बायकांच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये. बँकेत गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवले होते. शून्य आणि एकवाल्यांना ३ एप्रिल, दोन-तीनवाल्यांना ४. पासबुकं घेऊन बायका यायच्या, "ताई, माझा आकडा बघ गं," म्हणायच्या. पाचशेत महिना निघत नाही, ते त्यांनाही कळत होतं. पण त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागला नव्हता. खातं होतं, पैसे आले. खातं नव्हतं तिला मात्र काहीच नाही.

मला वाटतं, गोम याद्यांमध्ये आहे. संकट आल्यावर यादी करायला बसलं की ज्याच्याकडे कागद असतो तोच पुढे जातो. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ पासून कायदा आहे, मंडळ आहे. आमच्या मावशींनी नाव नोंदवलंही होतं, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई खाडा करून दरवर्षी त्या कचेरीत कशी जाणार? वस्तीत येऊन नोंदणी करायला काय हरकत आहे? यंदा दोन घरांनी त्यांना "कोरोना संपला की या" म्हणून सांगितलं, पगार बंद.

रात्री दादांसाठी अर्ज लिहिला, परिवहन आयुक्तांच्या नावे. बिल्ल्याचा नंबर, लायसन्सचा नंबर आणि एकच मागणी: बिल्लाधारक शिफ्टचालकांनाही ही मदत मिळावी. शिफ्टवर चालवणाऱ्या बाकीच्यांच्या सह्या उद्या स्टँडवर जाऊन घ्यायच्या आहेत. मावशींच्या नूतनीकरणासाठी त्यांच्या जुन्या कामाच्या घरून पत्र आणायचंय, त्या वहिनी हो म्हणाल्यात.