रबर मिळालं, पण...

आज अर्धा दिवस पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेला. हवं काय होतं, तर बाबांच्या ८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दाराच्या छोट्या तिकोनी काचेचं रबर! पद्मिनीला सगळे फियाटच म्हणायचे; पूर्वी नुसतं ‘फियाट’ म्हटलं की काउंटरवर माल यायचा. मुंबईच्या टॅक्स्या होत्या ना, खप त्यांचाच. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली आणि ते गिऱ्हाईकच आटलं.

दुकानातले काका म्हणाले, “आता पोरं मारुती आठशेचं सामान विचारतात, तेही पहिल्या एसएस ८० मॉडेलचं.” जिला आम्ही डबा म्हणायचो, ती आता क्लासिक!

शेवटी माळ्यावरून एक रबर निघालं. डाव्या बाजूचं. मला उजवं हवं होतं. घेऊन ठेवलंय.