चाव्या कोणाकडे

परवा आईचे गुडघे दुखत होते म्हणून तिला झोप नाही आणि मला तर रात्री बारापर्यंत झोपायची सवयच नाही, मग काय, लावला द वेस्ट विंग, अमेरिकेच्या व्हाइट हाऊसवरची ती मालिका. चौथ्या सीझनचा शेवटचा एपिसोड, २००३ सालचा. माझा तिसऱ्यांदा, आईचा पहिल्यांदा, म्हणजे मला टीव्हीबरोबर कॉमेंट्रीपण करावी लागणार हे ठरलेलंच.

गोष्ट अशी की राष्ट्राध्यक्ष बार्टलेटच्या मुलीला किडनॅप केलंय. जगातला सगळ्यात पॉवरफुल माणूस, हाताशी मिसाईलं, आणि पोर सापडत नाहीये. अशा बापाच्या हातात सैन्य ठेवायचं का? हे त्याचं त्यालाच कळतं आणि तो म्हणतो मी बाजूला होतो. मार्टिन शीनने हे कसलं केलंय, आरडाओरडा नाही की छाती पिटणं नाही, नुसता थकलेला चेहरा.

आई म्हणाली, मग उपराष्ट्राध्यक्ष आहे ना? नाही ना, त्याने आधीच राजीनामा दिलाय. का? एका बाईपायी, तिला सरकारी गुपितं सांगून बसला. "मेल्याला आत्ताच सुचलं होतं?" म्हणजे आता नंबर लागतो सभागृहाच्या स्पीकरचा, १९४७ चा कायदाच आहे तसा, आणि स्पीकर आहे विरोधी पक्षाचा! ते काम केलंय जॉन गुडमनने, हा एवढा थोरला देह, आत येतो आणि खोलीच लहान वाटायला लागते. त्याला आधी खासदारकी सोडावी लागते, मग शपथ. बार्टलेटची माणसं भिंतीला टेकून बघत उभी, चेहरे असे की घर विकलं आणि नवीन मालक माप घ्यायला आलाय.

मला हा एपिसोड का आवडतो तर त्यात गोळीबार, पाठलाग वगैरे फार काही नाही, सगळं टेन्शन अधिकार सोडायच्या एका पत्रात आहे. सही केली की तुम्ही कोणी नाही. पत्राची ही सोय २५व्या घटनादुरुस्तीतली, १९६७ ची, आणि खऱ्या आयुष्यात ती कशाला वापरली माहितीये? कोलोनोस्कोपीला, म्हणजे भूल देऊन आतड्याची तपासणी करतात तिला! धाकट्या बुशने दोनदा, २००२ आणि २००७ मध्ये, आणि बायडनने २०२१ मध्ये, तेव्हा कमला हॅरिसकडे साधारण ८५ मिनिटं सगळा कारभार होता. भूल उतरली, दुसरं पत्र लिहिलं, कारभार परत. (यावर कोणी एपिसोड काढणार नाही, कळतंच आहे.)

हे मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि सांगता सांगता आठवलं, तिची पण झाली होती की कोलोनोस्कोपी. "आई, तेव्हा कपाटाच्या चाव्या कोणाकडे होत्या गं?"

"कोणाकडे म्हणजे? माझ्याकडे."

तशाच होत्या. पर्स पोटाशी धरून स्ट्रेचरवर पडली होती, शेवटी नर्सने गोड बोलून सोडवली आणि माझ्या हातात दिली, आणि शुद्धीवर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले वगैरे नंतर, आधी पर्स उघडून चाव्या मोजल्या. सून शेजारीच उभी होती.

टीव्हीवर तोवर नावं यायला लागली होती. मी रिमोट घेतला, म्हटलं झोप आता, दीड वाजला.

"मुलगी सापडली का पण?"

"अजून नाही. अजून दोन एपिसोड आहेत."

"मग लाव की."