आधी भांडी मोजली, मग कपाटे आखली

कोथरूडमधले आमचे घर 1996 साली बांधलेल्या इमारतीत आहे. 9 फूट बाय 8 फुटांचे स्वयंपाकघर, त्याला लागून चिंचोळी ड्राय बाल्कनी, एल आकाराचा ओटा आणि त्याखाली कडाप्प्याचे उघडे कप्पे, अशी त्याची मूळ रचना होती. गेल्या हिवाळ्यात घराच्या दुरुस्तीचे काम काढले, तेव्हा एका दुकानातून नव्या स्वयंपाकघराचे चित्र तयार करून घेतले. संगणकाच्या पडद्यावर ते फार सुरेख दिसत होते. सासूबाईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारले, "अगं, पण यात माझी परात कुठे राहणार?" चित्र काढणाऱ्या मुलाला उत्तर देता आले नाही, आणि मलाही आले नाही. त्या एका प्रश्नापायी आमचे काम तीन आठवडे लांबले, आणि ते लांबले याचे मला आज समाधान वाटते.

आम्ही ठरवले की कपाटांची मापे भांड्यांवरून काढायची. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली, ओट्याखालचे, माळ्यावरचे आणि भिंतीतल्या फडताळातले प्रत्येक भांडे खाली उतरवले आणि टेप लावून मोजले. मी मापे सांगत होते आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वहीत लिहून घेत होत्या. ताटे 13 इंच व्यासाची निघाली, परात 16 इंचांची आणि 4 इंच खोल, पाच लिटरचा कुकर दांड्यासह 17 इंच लांब, मोदकपात्र झाकणासह 12 इंच उंच. त्याशिवाय पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता आणि आईंच्या लग्नातली पितळी पातेली होतीच. रोजचे, आठवड्याचे आणि सणावारीचे असे तीन ढीग केले. रोजचा ढीग इतका लहान होता की आम्ही दोघीही चकित झालो. एवढी वर्षे आम्ही वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवल्या होत्या आणि रोजच्या वस्तूंसाठी खाली वाकत होतो.

मापे हाती आल्यावर चित्रातली उणीव स्पष्ट दिसू लागली. ओट्याची उंची 32 इंच धरली आणि त्यातून जमिनीलगतच्या स्कर्टिंगचे 4 इंच व ओट्याच्या दगडाचे 2 इंच वजा केले, तर ट्रॉल्यांसाठी, म्हणजे ओढून बाहेर येणाऱ्या खणांसाठी, 26 इंच उरतात. चित्रात त्यांचे तीन सारखे भाग पाडले होते, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेआठ इंच. त्यात आमचे ताट उभे राहत नाही. आडवे ठेवावे म्हटले, तर 600 मिलिमीटर रुंदीच्या कपाटातून दोन्ही बाजूंच्या 18 मिलिमीटर जाडीच्या फळ्या आणि चॅनलसाठी (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्टीसाठी) प्रत्येक बाजूला लागणारे सुमारे 13 मिलिमीटर वजा जाता ट्रॉलीला 538 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 21 इंच मिळतात. त्यात ताटांची एकच चवड बसते आणि शेजारची 8 इंच जागा वाया जाते. म्हणून आम्ही त्या 26 इंचांचे ढोबळमानाने 5, 7 आणि 14 असे भाग केले. वरच्या ट्रॉलीत चमचे, पळ्या, झारे आणि सुऱ्या, मधल्या ट्रॉलीत वाट्या-पेले आणि सर्वांत खालच्या ट्रॉलीत उभी ताटे. चॅनल घेताना तो किती किलो वजन पेलतो हे विचारून घेतले, कारण पितळी पातेल्यांचा ढीग वजनकाट्यावर 28 किलो भरला होता. साधा, हलका चॅनल असे वजन काही महिने सोसतो आणि मग एका बाजूने खाली झुकतो.

ओट्याच्या उंचीवर आम्ही बरेच दिवस घालवले, आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असे मला वाटत नाही. माझी उंची 5 फूट 3 इंच आहे, आईंची 4 फूट 11 इंच. दुकानातला नमुना 34 इंचांचा होता. भाजी चिरायला ती उंची मला सोयीची वाटली, परंतु पोळी लाटणे हे वेगळे काम आहे. लाटताना खांद्याचा जोर वरून खाली पडावा लागतो, आणि पोळपाटाचीही स्वतःची उंची असते. आमचे जेवणाचे टेबल 30 इंच उंच आहे. त्यावर एक-एक इंचाच्या फळ्या रचून आईंनी तीन वेगवेगळ्या दिवशी पोळ्या लाटून पाहिल्या. 34 इंचांवर त्यांची कोपरे बाहेर जात होती आणि खांदे वर उचलले जात होते. 32 इंचांवर हात मोकळे राहिले. चिरताना मला दोन इंच अधिक वाकावे लागेल हे मान्य करून आम्ही 32 इंचांवर थांबलो, कारण पोळ्या रोज होतात आणि त्या बहुतेक वेळा आईच करतात.

वरच्या कपाटांबाबतही हाच विचार केला. ओट्यापासून 22 इंच सोडून कपाट सुरू केले, तर त्याचा तळ जमिनीपासून 54 इंचांवर येतो आणि त्यातली दुसरी फळी 66 इंचांच्या आसपास. ओट्याला पोट टेकवून उभ्या राहिलेल्या आईंचा हात सहजपणे तिथपर्यंतच पोहोचतो. त्यामुळे चहा-साखरेचे डबे, मिसळणाचा डबा आणि डाळी पहिल्या दोन फळ्यांवरच राहतील असे ठरवले आणि तिसरी फळी सणावारीच्या वस्तूंना दिली. वरच्या कपाटांची खोली 12 इंचच ठेवली, म्हणजे ओट्यावर काम करताना डोके आपटत नाही आणि डब्यांच्या मागे डबे दडत नाहीत.

ओट्याखाली कडाप्पा ठेवावा की प्लायवुड वापरावे, यावर घरात बराच खल झाला. आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळा दगड आपल्याकडच्या जुन्या घरांत ओट्यापासून फळ्यांपर्यंत सर्वत्र आढळतो, आणि उभ्या कडाप्प्यांच्या मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या बसवण्याची पद्धतही पुण्यात चांगली रुळलेली आहे. दगड पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. मात्र त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, जुने उभे कडाप्पे काटकोनातही नसतात, आणि दोन्ही चॅनल समांतर नसतील तर ट्रॉली अडकते. म्हणून सिंकखालचा भाग कडाप्प्याचा राखला आणि उरलेली कपाटे प्लायवुडची केली.

प्लायवुडसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः गेले. तिथे 'वॉटरप्रूफ' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, त्यामुळे शब्दाऐवजी शिक्का पाहणे अधिक सुरक्षित आहे. आयएस 303 या भारतीय मानकात एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, म्हणजे उकळते पाणी सोसणारा) असे दोन्ही प्रकार येतात. बाजारात ज्याला कमर्शियल प्लाय म्हणतात तो एमआर. त्यातला यूरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक दमटपणा काही प्रमाणात सोसतो, पण पाणी सोसत नाही. बीडब्ल्यूआरमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असते. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, ज्याचे नमुने 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासले जातात. आम्ही ओट्याखाली आयएस 710 आणि वरच्या कपाटांना बीडब्ल्यूआर घेतला. प्रत्येक फळीवर मानकाच्या क्रमांकाबरोबर परवाना क्रमांकही छापलेला असतो, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो तपासता येतो. सुताराला मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: कापलेली प्रत्येक कड बंद करायची, मागची आणि खालचीसुद्धा, कारण पाणी प्लायवुडमध्ये कडेनेच शिरते. "वहिनी, ती बाजू कुणाला दिसणार आहे?" असे तो म्हणाला, तेव्हा मी त्याला जुन्या सिंकखालचे फुगलेले दार दाखवले. पुढे त्याने एकही कड उघडी सोडली नाही.

गॅसच्या जागेविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सुंदर दिसण्याच्या नादात ती सर्रास बंदिस्त केली जाते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी मोकळी जाळी हवीच. आमच्याकडे आता पाइप गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, त्यामुळे पाइप जिथून जातो त्या कपाटाला वरच्या बाजूला झरोके ठेवले. बंद करण्याची कळ कोणत्याही ट्रॉलीमागे जाऊ दिली नाही. हात घातला की ती सापडली पाहिजे, अंधारातसुद्धा.

एक चूक आमच्याकडून झाली. ओट्याच्या लांब बाजूची मापे आम्ही टाइल्स लावण्यापूर्वी, उघड्या प्लास्टरवर घेतली होती. टाइल्स आणि त्यामागचा माल यांनी दोन्ही भिंतींकडून एक-एक इंच घेतला आणि शेवटच्या 8 इंची कप्प्याचे 6 इंच झाले. तेलाच्या बाटल्यांसाठी मागवलेली ट्रॉली त्यात बसेना. दुकानाने ती परत घेतली नाही आणि दोन दिवस घरात वातावरण तापलेलेच होते. अखेर फळ्यांची जाडी वजा जाता उरलेल्या साडेचार इंचांत एक उभा, उघडा कप्पा केला. परात, पोळपाट आणि तवा आता तिथे उभे राहतात, शेगडीपासून हातभर अंतरावर.

बरण्यांसाठी शेगडीपासून दूरचा, उत्तरेच्या भिंतीलगतचा कोपरा ठेवला, कारण लोणचे आणि मुरांबा यांना ऊब मानवत नाही. पाण्याचे पिंप ट्रॉलीत ठेवण्याची एक कल्पना चित्रात होती, ती आम्ही काढून टाकली. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारी पाणीपुरवठा बंद असतो आणि बुधवारी रात्री घरात पिंप भरले जाते. 20 लिटर पाण्याचेच वजन 20 किलो होते, आणि ते रोज पुढे-मागे ओढण्याचे काहीच कारण नाही. पिंप ओट्याच्या कोपऱ्यात, थेट कडाप्प्याच्या आधारावर बसवले.

आईंची भिंतीवरची स्टीलची मांडणी चित्रात कुठेच नव्हती आणि सुतारही ती भंगारात द्या असे सुचवत होता. ती आम्ही घासून ड्राय बाल्कनीत लावली. घासलेली भांडी आता तिथे निथळतात आणि कोरडी झाल्यावरच ट्रॉलीत जातात. खालची फळी आईंच्या छातीच्या उंचीवर येईल अशा बेताने खिळे ठोकले, आणि त्या वेळीही ठोकण्याआधी त्यांना समोर उभे करून पेन्सिलने खूण केली.